रुखाळू कसा ओळखावा आणि त्याचं शास्त्रीय वर्णन कसं लिहावं

पावसाळ्यात माथेरान किंवा भीमाशंकरला गेलेल्या माणसाला झाडाच्या बेचक्यात अळूसारखं पान दिसतं. तो वरून एक फोटो काढतो आणि नाव विचारतो. त्या एका फोटोवरून खात्रीनं नाव सांगता येत नाही. झाडावरचा अळू म्हणजे रुखाळू हा अंदाज बहुतेकदा खरा ठरतो, पण नोंद करायची तर अंदाज पुरत नाही. पानावरून फार तर कुळ कळतं. जात ठरते ती पानाशेजारी उभ्या राहिलेल्या काडीवरच्या बारीक कंदिकांवरून, म्हणजे इवल्याशा कंदांवरून, आणि सापडला तर फुलोऱ्यावरून. खाली दिलेली पद्धत म्हणूनच या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त थांबते.

नाव आणि जागा

शास्त्रीय नाव रेमुसाशिया विविपारा. एकदल वनस्पतींतला ॲलिस्मॅटेल्स हा गण, त्यात ॲरेसी म्हणजे सुरण-अळूचं कुळ, त्यात ॲरॉइडी उपकुळ आणि त्याखाली कोलोकेसीई हा गट. नेहमीचा भाजीचा अळू याच गटातला, त्यामुळे दोघांच्या पानांत गोंधळ होणं साहजिक आहे. रेमुसाशिया या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, एकूण चार जाती आहेत. त्यांपैकी तिघी हिमालय आणि त्याच्या पूर्वेकडच्या मुलखातल्या. सह्याद्रीत गाठ पडते ती विविपाराशीच. तिचा पसारा मात्र मोठा आहे: आफ्रिकेचा उष्ण पट्टा, भारत, चीन, आग्नेय आशिया ते थेट ऑस्ट्रेलियाचं उत्तर टोक.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी 1814 साली तिला ॲरम विविपारम म्हटलं होतं. 1832 मध्ये ऑस्ट्रियाच्या शॉट यांनी तिच्यासाठी वेगळी प्रजाती केली आणि आबेल-रेम्युझा या फ्रेंच चिनी-भाषापंडिताचं नाव तिला दिलं. म्हणून नावापुढे कर्त्यांची नावं लिहिताना रॉक्सबर्ग कंसात येतो, शॉट कंसाबाहेर. कंस गाळला तर आजच्या जोडनावाची मांडणी दोघांनी मिळून केली असा चुकीचा अर्थ निघतो. मराठी मजकूर देवनागरीत लिहिला तरी नमुन्याच्या चिठ्ठीवर शास्त्रीय नाव रोमन लिपीतच लिहायचं, कारण ती चिठ्ठी जगातल्या कुठल्याही अभ्यासकाला वाचता आली पाहिजे.

जुने ग्रंथ उघडणाऱ्यांसाठी एक सूचना: मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा कुक यांचा ग्रंथ (1901–1908) बेंथॅम-हूकर यांच्या जुन्या वर्गीकरणाच्या क्रमानं लावलेला आहे. आजचे गण त्यात शोधू नका. सरळ कुळ गाठा आणि तिथल्या प्रजातींच्या किल्लीपासून, म्हणजे लक्षणांवरून ओळखीपर्यंत नेणाऱ्या तक्त्यापासून, सुरुवात करा.

कधी जायचं, काय न्यायचं

एका फेरीत काम होत नाही. फुलोरा येतो तो मे-जूनमध्ये, पान फुटण्याआधी किंवा पानाच्या सोबतीनं. तोही प्रत्येक कंदाला दर वर्षी येईलच असं नाही. पान जून ते सप्टेंबर. कंदिकांच्या काड्या पावसाळ्यात वाढतात आणि पावसाळा सरता सरता छान तयार झालेल्या दिसतात. हिवाळ्यात वर काहीच उरत नाही, कंद शेवाळात झोपून असतो. म्हणून जूनच्या पहिल्या पावसानंतर एक फेरी आणि गणपतीच्या आगेमागे दुसरी, एवढं तरी हवंच. जागा तीच ठेवा. झाडाचा बुंधा, वाटेचं वळण, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि जीपीएसचे आकडे पहिल्याच दिवशी टिपून ठेवले नाहीत, तर सप्टेंबरच्या दाट हिरवळीत तेच झाड पुन्हा सापडणं कठीण.

सामान फार लागत नाही: 10 पट मोठं दाखवणारं हातभिंग, 30 सेंटिमीटरची स्टीलची पट्टी, शिंप्याची टेप, नवं ब्लेड, पातळ रबरी हातमोजे, पेन्सिल (शाईचं पेन पावसात कामाचं नाही), जाड पाठीची वही, झिपच्या पिशव्या, एक काळं कापड आणि 70 टक्के अल्कोहोलच्या दोन-तीन छोट्या बाटल्या. काळ्या कापडावर कंदिका ठेवून फोटो काढला की आकडे स्पष्ट दिसतात. हातावर ठेवून काढले तर कॅमेरा नेमका कातडीवर फोकस करतो. फांदी उंच असेल तर दुर्बीण लागेल. पावसात ओल्या, शेवाळलेल्या झाडावर चढायचं नाही. सह्याद्रीच्या पावसाला त्यात दयामाया नाही, आणि रुखाळू डोक्याएवढ्या उंचीवरच्या खोबणीत आणि खडकांवरही मिळतो.

कायद्याचं आधी पाहा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, तुंगारेश्वर, भीमाशंकर या संरक्षित क्षेत्रांत वन विभागाच्या परवानगीशिवाय वनस्पती तोडता किंवा उपटता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 त्याला लागू आहे. तिथं मोजमाप जागेवर, फोटो जागेवर, आणि कंद जिथल्या तिथं. नमुना हवाच असेल तर खासगी बागेतल्या आंब्या-जांभळावरचा, मालकाला विचारून, तोही मोठ्या वसाहतीतला एखादाच.

घरी सराव: बाजारातला अळू

डोंगरात जाण्याआधी दादरच्या किंवा आपल्या स्टेशनाबाहेरच्या बाजारातून देठासकट अळूची एक जुडी आणा आणि टेबलावर वर्णनाचा सराव करा. देठ पानाच्या कडेला नाही, पाठीवर आतल्या बाजूला जोडलेला दिसेल. याला छत्राकृती पान म्हणतात. पात्याची लांबी मोजायची ती पुढच्या टोकापासून मागच्या पाळ्यांच्या शेवटापर्यंत. त्याशिवाय देठ जोडल्याच्या बिंदूपासून पुढे किती आणि मागे किती, हे दोन आकडे वेगळे लिहायचे. नवख्या नोंदींत सगळ्यात जास्त चुका इथंच होतात: कुणी बिंदूपासून मोजतो, कुणी टोकापासून टोकापर्यंत, आणि दोघांचे आकडे शेजारी ठेवले की एकाच जातीच्या दोन जाती झाल्यासारख्या वाटतात.

आता पान उजेडासमोर धरा. कडेच्या आत, कडेला समांतर धावणारी एक बारीक शीर दिसेल. बाजूच्या शिरा तिच्यात येऊन मिळतात. ती संग्राहक शीर. रुखाळूतही ती असते, म्हणून ती वर्णनात यायला हवी, पण तिच्यावरून अळू आणि रुखाळू वेगळे करता येणार नाहीत.

जागेवरचं काम

झाडाखाली पोचल्यावर लगेच पानाला हात लावू नका. आधी बसलेल्या जागेची नोंद: आधाराचं झाड कोणतं, छातीच्या उंचीवर (1.37 मीटर) बुंध्याचा घेर किती, रुखाळू जमिनीपासून किती उंचीवर, खोबणीत की आडव्या फांदीच्या पाठीवर, साल खरबरीत की गुळगुळीत, शेवाळ किती जाड. शेजारी कोण आहे हेही लिहा. बाशिंग हे नेचं असेल तर आवर्जून. त्याच्या तपकिरी, वाळक्या पानांच्या टोपलीत पालापाचोळा साठतो आणि त्या कुजलेल्या थरात कंद चांगला पोसतो. रुखाळू झाडाचा रस घेत नाही. तो नुसता आसऱ्याला असतो, म्हणून त्याला अपिवनस्पती म्हणायचं, परजीवी नाही. खडकावर उगवलेला असेल तर ‘अपिवनस्पती’ हा शब्दही चालणार नाही, ‘खडकावर’ असं स्पष्ट लिहायचं.

मग पान. बहुधा एकच असतं, क्वचित दोन. देठाची लांबी, पात्याची लांबी-रुंदी, वरची आणि खालची छटा, कडा अखंड की नागमोडी, टोक कसं, मागच्या पाळ्यांमधली खाच किती खोल. एका झाडावरचं एकच पान मोजून थांबू नका. निदान पाच-सहा वेगवेगळ्या कंदांची पानं मोजा, त्यात एक सगळ्यात लहान आणि एक सगळ्यात मोठं घ्या. उथळ खोबणीतल्या कंदाचं पान तळहाताएवढं आणि भरपूर कुजवा मिळालेल्या कंदाचं सुपाएवढं असू शकतं. जात तीच.

कंद पाहायचा तर बोटानं शेवाळ थोडं बाजूला सारा, आकार, रंग आणि व्यास टिपा, आणि शेवाळ पुन्हा दाबून बसवा. साधारण गोल, किंचित चपटा, तांबूस रंगाचा, 2 ते 4 सेंटिमीटरचा कंद दिसेल. उघडा राहिलेला कंद सुकतो किंवा घसरून खाली पडतो.

कंदिका

इथं वेळ द्या, कारण ओळख इथं पक्की होते. कंदाच्या माथ्यातून पानाशेजारी एक किंवा अधिक उभ्या काड्या निघतात, बोटभर ते वीतभर आणि कधी त्याहूनही लांब, काही ठिकाणी फाटे फुटलेल्या. प्रत्येक पेऱ्यावर कंदिकांचे झुबके. एक कंदिका काही मिलिमीटरची, अंडाकृती, खवल्यांनी झाकलेली. भिंगाखाली पाहा: खवल्यांची टोकं लांब होऊन आकड्यासारखी मागे वळलेली असतात. या आकड्यांनी कंदिका जनावरांच्या केसांत, पक्ष्यांच्या पिसांत अडकते आणि दुसऱ्या झाडावर जाऊन पडते. उंच फांदीवर बसायचं तर हा मार्ग सोयीचाच. फळ क्वचित धरतं, प्रसाराचं बरंचसं काम या कंदिकाच करतात.

मोजायचं काय? काडीची लांबी, फाटे आहेत का, पेऱ्यांमधलं अंतर, एका झुबक्यात साधारण किती कंदिका, एका कंदिकेची लांबी-रुंदी, आकडा कोणत्या दिशेला वळलेला. कोवळ्या काडीवर आकडे नीट तयार झालेले नसतात. जुलैत पाहून ‘आकडे नाहीत’ असं लिहून टाकणाऱ्यांनी सप्टेंबरपर्यंत थांबायला हवं. आणि परत निघताना मोजे, बॅग, छत्री तिथंच झटका. कंदिका कपड्यांना चिकटून कर्जत लोकलनं थेट घाटकोपरला पोचते, आणि एका डोंगरातली वनस्पती नकळत दुसऱ्या डोंगरात नेऊन टाकली जाते.

फुलोरा

फुलोरा मिळाला तर ब्लेड काढायचं, पण आधी चार बाजूंनी फोटो. बाहेरचं आवरण म्हणजे महाछद. त्याचे दोन भाग: खाली हिरवी, गुंडाळलेली नळी आणि वर पिवळं, पसरट पातं. हे पातं उमलल्यावर मागे वळतं आणि नंतर गळून जातं, नळी मात्र राहते. नळी आणि पात्यामधला आवळलेला भाग टिपून ठेवा. ताजा रंग जागेवरच लिहा, कारण दाबून वाळवल्यावर पिवळा तपकिरी होतो आणि चिठ्ठीवर तो खोटाच रंग उतरतो.

नळी एका बाजूनं उभी चिरा. आत स्थूलकणिश, म्हणजे बारीक फुलांनी भरलेला जाड दांडा, महाछदापेक्षा बरंच आखूड. तळाशी स्त्रीफुलांचा पट्टा, मध्ये वंध्य फुलांचा अरुंद भाग, वर नरफुलांचा गदेसारखा फुगीर भाग. नरभागाच्या वर काहीच नाही, तो तिथंच संपतो. भाजीच्या अळूत नरभागाच्या पुढे बहुधा एक निमुळतं, उघडं टोक असतं. त्याला उपांग म्हणतात. रुखाळूत उपांग नाही. तिन्ही भागांची लांबी वेगवेगळी मोजा. स्त्रीभागातलं एक किंजपुट (स्त्रीफुलाचा बीजकं असलेला भाग) आडवं कापून भिंगाखाली धरा. कप्पा एकच आणि बीजकं भिंतीला चिकटलेली दिसतात. भिंगानं एवढं नीट दिसलं नाही तर अंदाजानं लिहू नका. दोन-तीन किंजपुटं अल्कोहोलच्या बाटलीत टाका आणि कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा.

हे सगळं हातमोजे घालून. देठात, कंदात, फुलोऱ्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. त्या कातडीत आणि तोंडाच्या आतल्या पातळ त्वचेत टोचतात, म्हणून खाज येते. चाखून ओळखायची पद्धत काही जण सुचवतात. ती साफ चुकीची आहे, कारण या कुळातल्या अनेक वनस्पती खाजऱ्या आहेत आणि खाजेवरून जात ठरत नाही. काम संपल्यावर डोळ्यांना हात लावण्याआधी साबणानं धुवा.

कुणाशी गल्लत होते

आरिऑप्सिस पेल्टाटा ही खरी फसवणारी. तीही कंदवाली, तीही छत्राकृती पानाची, तीही ओल्या खडकांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर. निम्मो यांनी ती 1839 साली मुंबईत छापलेल्या वनस्पतींच्या यादीत पहिल्यांदा नोंदवली, म्हणजे मुंबईकरांना तिची ओळख असायलाच हवी. तिचं पान लहान, बहुधा तळहाताच्या आतबाहेर, आणि मागून फिकट. कंदिकांची काडी नाही. फुलोरा दोन-तीन सेंटिमीटरचा, जांभळट महाछदाचा, आणि नरभागावर बारीक खड्डे पडलेले. लहान रुखाळूचं पान आणि आरिऑप्सिसचं पान नुसत्या फोटोवरून वेगळं करण्याचा हट्ट धरू नये.

भाजीचा अळू ओढ्याकाठी, परसात, जमिनीवर. कधी बी किंवा तुकडा भिंतीच्या खाचेत पडून उगवतो आणि घोटाळा करतो. तिथं आकडेवाल्या कंदिका शोधा, सापडणार नाहीत. बागेतून पळालेलं कॅलेडियम रंगीत पट्ट्या-ठिपक्यांवरून कळतं. खडकावरच्या बिगोनियाचं पान दोन बाजूंनी असमान असतं, ते एका नजरेत बाजूला होतं. शेवळाचं पान फाटलेलं, त्याचा इथं प्रश्नच नाही.

वर्णन लिहिताना

क्रम ठरलेला आहे: आधी सवय (म्हणजे वाढण्याची तऱ्हा), मग खालून वर. कंद, पान, कंदिकाधारी काडी, फुलोरा, फूल, फळ, शेवटी हंगाम आणि अधिवास. वाक्यं पूर्ण करायची नाहीत, क्रियापदं गाळायची. आकडे पल्ल्यानं, आणि एखाद-दुसरं अपवादात्मक माप कंसात: ‘(8–)12–30(–40) सेंमी’ याचा अर्थ बहुतेक 12 ते 30, क्वचित 8 किंवा 40. ‘मोठं’, ‘सुंदर’, ‘गर्द’ असे शब्द काढून टाका. एक नमुना, ज्यात तुमचे आकडे भरायचे:

‘कंदयुक्त, बहुवर्षायू, अपिवनस्पती किंवा खडकावर वाढणारी. कंद उपगोल, किंचित चपटा, 2–4 सेंमी व्यासाचा, तांबूस. पान बहुधा 1. देठ 10–40 सेंमी. पाते छत्राकृती, रुंद हृदयाकृती-अंडाकृती, 10–40 × 5–30 सेंमी, केसरहित, कडा अखंड, टोक अणकुचीदार. कडेलगत संग्राहक शीर. कंदिकाधारी फांद्या उभ्या, साध्या किंवा शाखायुक्त. कंदिका पेऱ्यांवर झुबक्यांत, अंडाकृती, खवल्यांची टोके आकड्यासारखी वळलेली. महाछदाची नळी हिरवी, टिकणारी, 3–5 सेंमी; पाते पिवळे, मागे वळलेले, गळणारे. स्थूलकणिश महाछदापेक्षा आखूड, स्त्रीभाग तळाशी, मधला भाग वंध्य, नरभाग गदाकार, उपांग नाही. किंजपुट एककोष्ठी, बीजके अनेक, तटलग्न.’

जे पाहिलं नाही ते रिकामं सोडा. फुलोरा न पाहता ग्रंथातलं वाक्य उतरवून घेतलं की ती तुमची नोंद राहत नाही, नक्कल होते. ‘फुलोरा पाहिला नाही’ एवढं लिहिलं तरी नोंद सच्ची राहते आणि पुढच्याला काय शोधायचं ते कळतं.

नमुना दाबणं

मांसल कंद आणि मुंबईचा जुलै यांचं जमत नाही. तसाच दाबलेला कंद कागदात जिवंत राहतो, कधी कोंब काढतो, आणि पान काळं पडून बुरशी धरतं. उपाय असा: कंद उभा चिरून अर्धा भाग घ्या, आतला गर थोडा खरवडून काढा, कंद आणि देठ उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवा, पुसा, मग वर्तमानपत्रात ठेवा. पात्याचा थोडा भाग उलटा दुमडा, म्हणजे मागची बाजूही दिसेल. पहिल्या आठवड्यात कागद रोज बदला, दोन-तीन दिवसांतून एकदा बदलणं पावसाळ्यात पुरत नाही. थरांमध्ये नालीदार पुठ्ठे घालून पंख्यासमोर ठेवलं तर हवा खेळते. थेट हीटरवर ठेवलं तर पान कुरकुरीत होऊन चुरतं.

फुलोरा दाबण्यापेक्षा 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवणं केव्हाही बरं, कारण चपटा झालेल्या स्थूलकणिशाचे भाग मोजता येत नाहीत. बाटलीच्या आत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी टाका. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी दमट हवेत सुटते. वाळलेला नमुना 28 × 42 सेंमीच्या जाड शीटवर लावून उजव्या खालच्या कोपऱ्यात नाव, जागा, उंची, आधाराचं झाड, तारीख, नोंद क्रमांक आणि गोळा करणाऱ्याचं नाव असलेली चिठ्ठी लावा. कंदिका सुट्या होऊन शीटवर घरंगळतात, त्या कागदाच्या लहान पाकिटात घालून शीटला चिकटवा. ताडून पाहायला मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे, 1906 पासूनचा. आधी विचारून, आपली मापं आणि फोटो घेऊन जा.

फुलोरा मिळाला नाही तर

जागामालकानं दिलेल्या चार-पाच कंदिका घरी वाढवता येतात. नारळाचा भुसा, लाकडी कोळशाचे बारीक तुकडे आणि कुजलेला पाला समान मापात मिसळा. भरपूर छिद्रांची उथळ कुंडी किंवा सालीचा तुकडा शेवाळ बांधून वापरा. कंदिका नुसत्या वर ठेवा, पुरू नका. पहिल्या पावसात त्या फुटतात, त्या वर्षी पान लहानसंच येतं. सकाळचं ऊन, दुपारी सावली, आणि पाणी तुंबू द्यायचं नाही. साध्या बागेच्या मातीत कंद कुजतो आणि दोष बियाण्याला दिला जातो. पान पिवळं पडायला लागलं की पाणी कमी करत नोव्हेंबरपासून पूर्ण बंद, कुंडी गॅलरीच्या कोरड्या कोपऱ्यात. मे अखेरपर्यंत एक थेंब नाही. ही कोरडी झोप मोडली तर कंद फुलोऱ्याकडे वळण्याची शक्यता आणखी कमी होते.

कुंडीतल्या पानांची वडी करायची असेल तर ओळख आधी कंदिकांवरून पक्की करा आणि चिंच किंवा आमसूल घालून नीट वाफवा. अर्धकच्चं पान घसा धरतं.